थोरांची ओळख : दम्याचे डॉक्टर रॉजर अल्टूनियन

विद्यार्थी मित्रहो, या सदरात आजवर संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आली. या वेळचे नाव मात्र तुमच्या घरी फारसे कोणी ऐकलेले नसेल. तरीही ते आम्ही मुद्दाम निवडले, त्यामागे एक कारण आहे. खो-खोचा सराव चालू असताना आपल्या शाळेतील एक मूल हळूच भिंतीआड जाते, दप्तरातून दम्याचा पंप काढते, दोनदा ओढते आणि कोणी पाहिले तर नाही ना, असे बघत परत येते. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. चष्मा लावायला कोणी भिंतीआड जात नाही. मग पंपाचीच एवढी लाज का? हा प्रश्न मनात असतानाच आम्हाला डॉ. रॉजर अल्टूनियन यांची आठवण झाली. स्वतःचा दमा त्यांनी लपवला तर नाहीच, उलट त्यालाच कामाला लावले.

गोष्टीची सुरुवात इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात होते. तेथे कोनिस्टन नावाचे एक लांबट, डोंगरांनी वेढलेले सरोवर आहे. 1928 च्या उन्हाळ्यात अल्टूनियन कुटुंबाची पाच भावंडे आजोळी राहायला आली होती. चार बहिणी आणि एक भाऊ. त्या एकुलत्या भावाचे नाव रॉजर. त्याचा जन्म 24 ऑक्टोबर 1922 चा, म्हणजे तेव्हा तो सहा वर्षांचाही नव्हता. आजोळच्या घराशी जिव्हाळ्याचे नाते असलेले आर्थर रॅन्सम नावाचे एक लेखक जवळच राहत. त्यांनी आणि मुलांच्या वडिलांनी मिळून दोन लहान शिडाच्या होड्या आणल्या, ‘स्वॅलो’ आणि ‘मेव्हिस’. मुलांना शीड सोडणे, सुकाणू धरणे, वाऱ्याचा अंदाज घेणे शिकवले. मुलांनी रॅन्सम यांना सपातांचा एक जोड भेट दिला. 1930 साली रॅन्सम यांचे ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ हे पुस्तक निघाले, तेव्हा त्याच्या अर्पणपत्रिकेत त्या सपातांचा उल्लेख होता. सपातांच्या बदल्यात जगभर वाचले जाणारे पुस्तक, अशी परतफेड फार थोड्यांना मिळाली असेल!

त्या पुस्तकात होडीवरच्या चार भावंडांतला सर्वांत धाकटा, सात वर्षांचा खलाशी म्हणजे रॉजर. गोष्ट सुरू होते तीच मुळी त्याच्यापासून. शिडाचे जहाज वाऱ्याविरुद्ध सरळ जाऊ शकत नाही, त्याला नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागते. तसाच हा मुलगा स्वतःला जहाज समजून शेताच्या चढावर इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत आईकडे येतो. पुस्तकातला रॉजर पुढच्या भागांमध्येही लहानच राहिला. खरा रॉजर मोठा झाला, आणि त्याला मिळालेले काम मात्र वाऱ्याचेच, म्हणजे श्वासाचे निघाले.

हे कुटुंब मूळचे इंग्लंडचे नव्हते. रॉजरचे आजोबा आर्मेनियन डॉक्टर. सीरियातील अलेप्पो या प्राचीन व्यापारी शहरात त्यांनी रुग्णालय उभारले होते. वडील अर्नेस्ट हेही डॉक्टर, शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले आणि काम अलेप्पोच्या घरच्या रुग्णालयात. आई डोरा ही इंग्रज, कोनिस्टनकाठच्या कॉलिंगवूड या चित्रकार-लेखकाची मुलगी. म्हणजे घरात इंग्रजी आणि अंगणात अरबी व आर्मेनियन. मूळ गाव एकीकडे, राहते घर दुसरीकडे, आणि दोन्हीकडे आपलेपण. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. हैदराबादेत चार-चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांना हा अनुभव रोजचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात रॉजर ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक झाले आणि इतरांना विमान चालवायला शिकवू लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी घराण्याचा व्यवसाय पत्करला. केंब्रिज येथे आणि पुढे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन 1952 साली ते डॉक्टर झाले. काही वर्षे त्यांनी अलेप्पोला घरच्या रुग्णालयातच काम केले. परंतु 1956 साली सुएझच्या पेचप्रसंगामुळे मध्यपूर्वेचे राजकारण एकदम तापले, ब्रिटिश नागरिकांना सीरियात राहणे अशक्य झाले आणि तीन पिढ्यांचा संसार मागे ठेवून त्यांना इंग्लंड गाठावे लागले.

इंग्लंडमध्ये त्यांना नोकरी मिळाली ती बेंगर या औषध कंपनीत. चेशायर परगण्यातील होम्स चॅपेल या गावी तिची प्रयोगशाळा होती. पुढे ही कंपनी फायसन्स या मोठ्या उद्योगाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे तेव्हा एका जुन्या वनस्पतीवर काम चालू होते. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे, विशेषतः इजिप्तमध्ये, आपल्या ओव्याच्या किंवा बडीशेपेच्या कुळातली एक वनस्पती उगवते. तिच्या बियांचा काढा मुतखड्याच्या कळांवर फार पूर्वीपासून देत असत. त्यातील गुणकारी द्रव्याला ‘खेलिन’ म्हणतात. ते आतल्या स्नायूंना सैल करते. मग श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायूही त्याने सैल होतील का, असा विचार होता. खेलिन पोटात घेतल्यावर मळमळ फार होई, म्हणून रसायनतज्ज्ञ त्याच्यासारखी, पण अधिक सोसणारी नवी संयुगे बनवत होते.

येथे थोडे थांबून दमा म्हणजे काय ते सांगायला हवे. आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक बारीक होत जातात. दम्यात या नळ्या आतून सुजलेल्या आणि हळव्या असतात. धूळ, परागकण, प्राण्यांचा कोंडा, धूर किंवा सर्दी एवढेसे निमित्त पुरते. भोवतालचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव जमतो, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण जाते. ज्यांना हे होत नाही त्यांनी एक पातळ स्ट्रॉ तोंडात धरून, नाक दाबून, फक्त तिच्यातून अर्धा मिनिट श्वास घेऊन पाहावा. (जिना चढून आल्यावर मात्र नको!)

डॉ. अल्टूनियन यांना स्वतःलाच ॲलर्जीचा दमा होता. आणि त्यांच्या मते कंपनीच्या पद्धतीत मूळचीच एक चूक होती. नवे द्रव्य आधी गिनिपिगवर तपासायचे आणि तेथे उपयोग दिसला तरच पुढे जायचे, अशी रीत होती. पण गिनिपिगला कृत्रिम रीतीने आणलेली धाप म्हणजे माणसाचा दमा नव्हे. माणसाच्या दम्यावरचे औषध माणसातच तपासले पाहिजे. आणि दमा असलेला माणूस तर प्रयोगशाळेतच हजर होता!

त्यांना गिनिपिगच्या केसांची आणि कोंड्याची ॲलर्जी होती. म्हणून त्या केसांचा अर्क काढून, त्याचे तुषार करून ते श्वासावाटे आत घेत आणि दम्याचा झटका मुद्दाम ओढवून घेत. श्वास एका उपकरणात सोडून किती हवा किती वेळात बाहेर पडते ते मोजत. आकडा उतरत जाई आणि पुढे हळूहळू वर येई. तो लिहून ठेवत. दुसऱ्या दिवशी आधी नवे द्रव्य ओढायचे, मग तोच अर्क ओढायचा आणि आकडा या वेळी किती उतरतो ते पाहायचे. कमी उतरला तर त्या द्रव्यात काही तरी आहे. तेवढाच उतरला तर पुढचे द्रव्य. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. शेकडो द्रव्ये, आणि प्रत्येकामागे छाती आवळून धरणारी धाप. ज्यांना दमा आहे त्यांना हे वाचताना काय वाटेल ते आम्ही समजू शकतो. एक झटका टळावा म्हणून माणूस काय काय करतो, आणि हे गृहस्थ ठरवून तो बोलावत होते.

विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण अर्थातच करू नये. आजच्या नियमांत असे प्रयोग कोणालाही परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जवळ औषधे आणि सहकारी असतानाही हा खेळ जिवाशी होता.

या खटाटोपातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. काही द्रव्ये आवळलेल्या नळ्या मुळीच सैल करीत नव्हती. नेहमीच्या कसोटीवर ती नापास ठरली असती. पण अर्क ओढण्याआधी ती घेतली तर झटका सौम्य येई. म्हणजे लागलेली आग विझवण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती, आग लागू न देण्याची होती. प्राण्यांवरच्या चाचण्यांत हे कळलेच नसते. वरिष्ठांना या कामातून फार काही निघेल असा भरवसा नव्हता, तरी डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरचे मोजके रसायनतज्ज्ञ ते रेटत राहिले. 1965 साली असे एक संयुग तयार झाले, ज्याचा पहारा अनेक तास टिकत होता आणि घशाला वा छातीला त्रासही फारसा नव्हता. त्याचे नाव सोडियम क्रोमोग्लायकेट. कंपनीच्या दप्तरात त्याचा क्रमांक 670 होता.

आता औषध मिळाले, पण ते आत न्यायचे कसे? पोटात घेतले तर ते आतड्यातून जेमतेम शंभरातला एक भाग रक्तात जात होते. म्हणजे गोळी, सिरप सर्व निकामी. फुप्फुसातच पोचवले पाहिजे. द्रवाचे तुषार करणारे यंत्र, ज्याला आपण नेब्युलायझर म्हणतो, त्या काळी अवजड असे आणि औषध ओढायला बराच वेळ लागे. ते काही खिशात घालून शाळेत नेता येत नव्हते. (जाता जाता : आपल्याकडे नेब्युलायझरला सर्रास वाफ म्हणतात. ती वाफ नव्हे. त्यात पाणी तापत नाही, हवेच्या जोराने औषधाचे अगदी बारीक थेंब होतात. पातेल्यातल्या वाफेत ते औषध नसते, आणि भाजण्याची भीती मात्र असते.)

दाबाखालच्या डबीतला पंप तेव्हा निघाला होता. अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या दमेकरी मुलीने विचारले की, केसांवरच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरत नाहीत. त्यातून 1956 साली तो पंप बाजारात आला. मुलांच्या प्रश्नांकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे, याचे हे उदाहरण आमच्या शिक्षकांनाही सांगण्याजोगे आहे. परंतु क्रोमोग्लायकेटची मात्रा मोठी होती, एका वेळी 20 मिलिग्रॅम. आजच्या नेहमीच्या साल्ब्युटामॉल पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, त्याच्या ही 200 पट. तेवढे डबीत बसणे शक्य नव्हते.

म्हणून कोरडी पूड ओढायचे ठरले. त्यातही अडचण होती. पुडीचा कण जाड असेल तर तो घशातच आदळून बसतो. नळ्यांच्या टोकापर्यंत जायचे तर कण सुमारे 5 मायक्रॉनचा किंवा त्याहून लहान हवा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. पण एवढी बारीक पूड एकमेकीला चिकटते, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होते तसे गोळे बनतात. ते मोडायला जोर कुठून आणायचा?

येथे जुना वैमानिक कामी आला. डॉ. अल्टूनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हातभर नव्हे, बोटभर लांबीची नळी बनवली. तिच्या आत एका दांडीवर चिमुकला पंखा, विमानाच्या पंख्यासारखा. पंख्याला जोडलेल्या खोबणीत पुडीची कॅप्सूल बसवायची. नळीचे बाहेरचे आवरण खालीवर सरकवले की दोन टाचण्या कॅप्सूलला भोके पाडत. मग नळी तोंडात धरून जोराने श्वास घ्यायचा. त्या श्वासानेच पंखा गरगर फिरे, कॅप्सूल थरथरे आणि पूड बाहेर उडून हवेबरोबर आत जाई. डबी दाबण्याची आणि त्याच क्षणी श्वास घेण्याची कसरत नको, दाबाचा वायू नको, बॅटरी नको. रुग्णाचा श्वास हेच इंजिन. या उपकरणाला ‘स्पिनहेलर’ असे नाव मिळाले. पंखा फिरताना घुर्रर्र असा आवाज होई, त्यामुळे मूल नीट ओढते आहे की नाही हे आईला ऐकूनच समजे. एवढे करूनही औषधाचा साधारण दहावा हिस्साच फुप्फुसात पोचत असे. तेवढा पुरेसा होता.

1967 साली मँचेस्टरचे डॉ. हॉवेल यांच्याबरोबर त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणाला खरे औषध आणि कोणाला नुसती पूड दिली हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशी ती चाचणी होती. स्वतःच्या छातीवर एवढी वर्षे जे अनुभवले, तेही त्यांनी पुरावा म्हणून पुरेसे मानले नाही. 1968 साली ‘इंटाल’ या नावाने औषध ब्रिटनमध्ये विक्रीला आले.

याच जागी आम्हाला आपल्या शहराविषयी थोडे बोलायचे आहे. मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या माशाच्या प्रसादासाठी दूरदूरच्या लोकांची रांग लागते. कोविडच्या काळातील खंड सोडला तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि आपल्या घरांतलीही माणसे त्या रांगेत उभी राहिली आहेत. श्रद्धेबद्दल आम्ही येथे वाद घालणार नाही. रांगेतल्या आईची काळजी खरी असते, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे एवढेच की प्रसाद घेतला म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये. अल्टूनियन यांनी आपला दर झटका आकड्यांत लिहून ठेवला. आपणही मुलाला रात्री किती वेळा खोकला आला, किती दिवस शाळा बुडली, पंप किती वेळा लागला, एवढे वहीत लिहावे. दोन महिन्यांनी वहीच काय ते सांगेल.

दुसरी तक्रार आम्ही पालक सभांत नेहमी ऐकतो : पंप फार कडक, त्याची सवय लागते, त्यापेक्षा गोळी किंवा सिरप बरे. आकडे पाहा. साल्ब्युटामॉलची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते. पंपाचा एक फवारा एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाचा. म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध, आणि तेही साऱ्या अंगभर फिरून मग छातीकडे येणार. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे. सौम्य कोणते, हे वेगळे सांगायला नको. मात्र आराम देणारा पंप वारंवार लागू लागला तर दमा बळावतो आहे असे समजून डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले होते. त्या वेळच्या तीव्र मात्रेच्या पंपांवर संशय घेतला गेला. नुसत्या आराम देणाऱ्या औषधावर विसंबणे किती धोक्याचे, याची जाणीव त्या काळात झाली. झटका येण्याआधी रोज घ्यायचे औषध वेगळे आणि झटका आल्यावरचे वेगळे, हा भेद आज प्रत्येक दमेकरी मुलाला शिकवला जातो. तो सामान्य घरांत रुजवण्यात ‘इंटाल’चा वाटा मोठा होता.

औषधाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. 1972 पासून श्वासावाटे घेण्याची स्टेरॉइड औषधे ब्रिटनमध्ये मिळू लागली. दम्याची सूज आवरण्यात ती अधिक प्रभावी ठरली. ‘इंटाल’ निर्धोक म्हणून मुलांना बरीच वर्षे दिले गेले, पण दिवसातून चार वेळा घ्यावे लागे आणि गुणही मर्यादित. हळूहळू त्याची जागा इतरांनी घेतली आणि स्पिनहेलर दुकानांतून नाहीसा झाला. क्रोमोग्लायकेट मात्र ॲलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांच्या थेंबांत आजही सापडते. आणि आपल्याकडे कॅप्सूल घालून पिळायचे व ओढायचे जे उपकरण अनेक मुलांच्या दप्तरात असते, त्यात पंखा नाही, पण तत्त्व तेच : पूड कॅप्सूलची, जोर श्वासाचा. म्हणून ते ओढताना श्वास जोराने आणि खोल घ्यावा, त्यात फुंकर मारू नये (ओल लागून पूड चिकटते), आणि ती कॅप्सूल गिळू नये. हसू नका, गिळणारे भेटतात! डबीच्या पंपाचे उलट आहे. तेथे श्वास सावकाश घ्यायचा, आणि लहान मुलांनी मध्ये स्पेसर लावायचा. स्टेरॉइडचे औषध घेतल्यावर चूळ भरायची.

डॉ. अल्टूनियन यांचे निधन 10 डिसेंबर 1987 रोजी, वयाच्या 65 व्या वर्षी झाले. ज्या ‘मेव्हिस’ होडीत ते लहानपणी बसले, ती पुढे दुरुस्त करून ‘ॲमेझॉन’ या नावाने कोनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात ठेवली आहे. पुस्तकातला सात वर्षांचा रॉजर अजूनही शेताच्या चढावर नागमोडी धावतोच आहे. ते पुस्तक ग्रंथालयासाठी मागवावे, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळाला करीत आहोत. त्याच पत्रात आणखी एक मागणी आहे : क्रीडा साहित्याच्या कपाटाशेजारी, मैदानाच्या बाजूला, कुलूप नसलेला एक लहान खण असावा. त्यात मुलांनी आपापले नाव लिहिलेले पंप ठेवावेत आणि लागेल तेव्हा सर्वांसमोर घ्यावेत.